लगोरीचे तीन चेंडू

“संगीत खुर्ची नको हं,” सुनेत्रावहिनी फोनवर म्हणाल्या. “मागच्या वेळी एका खुर्चीवरनं दोन जावयांत वाजलं होतं. आठवतंय ना?”

फोन मी खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. एका हातात उप्पीटाची ताटली, दुसऱ्यात चमचा. समोर खुर्चीत भरतेश, गळ्याशी नॅपकिन खोवलेला.

“बरं, संगीत खुर्ची नको.”

“आणि रस्सीखेचही नको. आप्पांना उत्साह येतो, मध्येच उठून दोर धरतात. ऐंशीचं माणूस, काही झालं म्हणजे?”

“बरं.”

“क्रिकेट ठेवलंस तर पोरं बॅट सोडत नाहीत. आम्ही बायकांनी लांब उभं राहून चेंडू आणून द्यायचे. मी तरी नाही खेळणार.”

“मग काय ठेवू, वहिनी?”

“ते तू ठरव की. खेळाची शिक्षिका तू का मी?”

सुनेत्रावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा मुलगा शीतल यानं वारणेकाठच्या आमच्या शेतातल्या घरापुढं छान हिरवळ केली होती, आणि आप्पांची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची ऐंशी तिथंच करायची असं ठरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस. लेकी, जावई, नातवंडं, पतवंडं, सगळे येणार. स्वयंपाक, मांडव, पाहुण्यांची ने-आण सगळं शीतल बघणार होता. माझ्याकडं फक्त खेळ.

“आणि शाळेचं काय ठरवलंस?” फोन ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं.

“सुट्टी संपली की सांगते मोठ्या बाईंना.”

“बरं करतेस. जीव मारून कसली नोकरी करायची?”

भरतेश खिडकीबाहेर बघत होते. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून रवा खाली ओघळला होता. मी तो पुसला.

त्याच्या दीड वर्ष आधी त्यांना पक्षाघात झाला होता. साखर कारखान्यात केमिस्ट होते, कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळलेला, धिप्पाड माणूस. उजवा हात गेला, उजवा पाय जेमतेम राहिला, आणि बोलणं असं झालं की एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा लागे. ते शेंदायला लागले की समोरच्याला धीर निघत नसे. पाणी म्हणायच्या आत आम्ही पाणी द्यायचो. मुलगी पुण्याला शिकत होती. मी शाळेत असताना त्यांच्याजवळ बसणाऱ्या इंदूमावशी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गावी गेल्या त्या परत येईनात. दुसरं माणूस टिकेना. शेवटी नोकरी सोडायचं मी मनाशी ठरवलं. फार विचार केला असंही नाही. त्या दिवसांत मी कसलाच फार विचार करत नव्हते. अंथरुणाला पाठ लागली की झोप यावी आणि झोपेत कुणी हाक मारू नये, एवढंच काय ते मागणं होतं.

खेळ मात्र ठरवायचे होते. मागल्या अंगणात कपडे वाळत घालताना मी एकेक खेळ मनात आणून बघितला. लंगडी म्हटली की पन्नाशीपुढचे सगळे कडेला बसणार. खो-खोत लहानांना कुणी खो देत नाही. बॅडमिंटनला चौघं खेळतात आणि बाकीचे पेंगतात. शाळेत हे सोपं असतं, एका वर्गातल्या पोरी साधारण एका मापाच्या असतात. इथं आर्या पाच वर्षांची, रत्नाआत्या सत्तरीच्या पुढं, मधे सगळ्या तऱ्हा. अशा वेळी खेळ असा लागतो की ज्यात डाव पटकन संपतो, बाद झालेला लगेच परत येतो, आणि ज्याला पळता येत नाही त्याचंही काही काम असतं. शेवटी तीन खेळ काढले. लगोरी, पण मऊ चेंडूची आणि पळापळी नसलेली. प्रत्येकाला तीन चेंडू, लहानांची रेघ जवळ, तरण्यांची लांब. मग खुंटीवर रिंगा टाकणं. आणि दुपारच्या चहानंतर खुर्च्यांचं कोंडाळं करून मामाचं पत्र हरवलं.

भरतेशना मी कशातच धरलं नव्हतं. ते सावलीत बसतील, असं गृहीतच होतं.

“उद्या शेतावर जायचंय,” रात्रीची गोळी देताना मी म्हटलं.

“नको,” ते म्हणाले. हा शब्द त्यांना सगळ्यांत सोपा जायचा.

“आप्पांची ऐंशी आहे. जायलाच लागतंय.”

सकाळी आंघोळ, दाढी, सदरा, बूट, यातच माझी कंबर मोडून आली. गाडीत बसवताना त्यांचा उजवा पाय बाहेर राहिला, तो मी उचलून आत ठेवला.

शेतावर पोचलो तेव्हा नाष्टा उरकत आला होता. आप्पा पांढऱ्या टोपीत वेताच्या खुर्चीवर बसून एकेकाचा नमस्कार घेत होते. भरतेशना बघून त्यांनी हात पुढं केला आणि लेकाचा निकामी हातच धरून बराच वेळ बसले. मग शीतल आला. मनानं फार चांगला मुलगा. त्याच्या हातात लाल दोरीची शिट्टी होती.

“काका, आज तुम्ही अंपायर,” असं म्हणून त्यानं ती भरतेशच्या गळ्यात घातली. “तुम्ही वाजवल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. ए, सगळ्यांनी लायनीत या!”

टाळ्या झाल्या. मी हिरवळीच्या पलीकडं चुन्याच्या रेघा मारत होते. माझ्या लक्षात आलं, पण मी मध्ये पडायच्या आत सगळे रांगेत उभेही राहिले होते.

भरतेशनी डाव्या हातानं शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. उजव्या कोपऱ्यातून हवा निघून गेली. नुसता फुस्स असा आवाज. त्यांनी परत फुंकली. लाळ हनुवटीवर आली.

“वाजतच नाही,” आर्या म्हणाली. ती शीतलची मुलगी. तिनं जे दिसलं ते सांगितलं.

कुणीतरी तिला गप्प केलं. “काका, तुम्ही नुसता हात करा, मी वाजवतो,” शीतल घाईघाईनं म्हणाला. सुनेत्रावहिनी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच ‘अरेरे’ म्हणाल्या. मी चुन्याची बादली खाली ठेवली. वाटलं, यांना उठवावं, गाडीत घालावं आणि घरी न्यावं. निघायचं कारणही मनात तयार झालं, रक्तदाबाचं.

भरतेशनी शिट्टीची दोरी डोक्यावरून काढायला घेतली. एका हातानं ते काम वेळ खात होतं. दोरी कानात अडकली. मदत करावी की करू नये हे कुणालाच कळेना. शेवटी निघाली. त्यांनी ती शीतलच्या हातात दिली, काठी टेकली आणि पाय ओढत हिरवळीवर आले. लगोरीच्या रेघेशी येऊन उभे राहिले.

“तू खेळतूस व्हय?” रत्नाआत्यांनी विचारलं. आप्पांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मग दिरांशी भांडून आपल्या वाटणीची जमीन कसली. पदर कमरेला खोचून त्या एका संघाच्या कॅप्टन झाल्या होत्या. “मग आमच्यात ये. आमच्यात एक कमीच हाय.”

लाकडी ठोकळ्यांची लगोर रचलेली होती. भरतेशचा पहिला चेंडू भलतीकडंच, स्वयंपाकाच्या मांडवाकडं गेला. दुसरा पायापाशीच पडला. तिसरा लगोरीच्या दिशेनं गेला, पण हातभर बाजूनं.

“तो वाऱ्यानं गेला, काका,” शीतल ओरडला. “अजून एक घ्या!”

वारा नव्हताच. पलीकडच्या उसाचं पान हलत नव्हतं. पण सगळे “हो हो, अजून एक” म्हणाले. चौथा चुकला. कुणीतरी पुढं होऊन लगोर चार पावलं अलीकडं आणून रचली. पाचवाही चुकला. मग टाळ्या सुरू झाल्या, “काका, काका” असा ठेका. या टाळ्या माझ्या ओळखीच्या होत्या. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी त्यांनी चमचा उचलला की अश्शाच टाळ्या वाजवायची.

सहावा चेंडू लगोरीशेजारून घरंगळत गेला, आणि तिथं बसलेल्या धाकट्या जावयांनी हळूच बुटाच्या टोकानं ठोकळे पाडले.

“पडली! काकांनी पाडली!”

एकच जल्लोष झाला. वहिनींनी डोळे पुसले. आर्या उड्या मारत होती. भरतेश जिथल्या तिथं उभे होते. त्यांचा चेहरा मी इतक्या दिवसांत अनेक तऱ्हांनी उतरलेला बघितला होता, पण असा नाही. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते त्या बुटाकडंच बघत होते.

“कुणाच्या पायानं पडली?” रत्नाआत्यांचा आवाज आला.

“आत्या, जाऊ दे ना,” शीतल म्हणाला.

“जाऊ दे काय? खेळ खेळताय का तमाशा करताय? तिनं सकाळीच सांगितलं न्हवं, एकाला तीन चेंडू?” हे माझ्याकडं बोट दाखवून. “ह्याचे तीन कवाच झाले. भरत्या, तू आउट. जा, बस तिकडं. दुसऱ्याला येऊ दे.”

“आत्या, काहीतरीच काय बोलता त्याला,” सुनेत्रावहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

आणि भरतेश हसले. अर्ध्याच तोंडानं, पण मोठ्यानं, छातीतून. आप्पासुद्धा मान वळवून बघायला लागले.

“आउट,” ते म्हणाले. लख्ख. एका दमात. तिन्ही अक्षरं जिथल्या तिथं.

मग आपले आपण जाऊन बाद झालेल्यांच्या बाकावर बसले. शेजारी दोन पोरं होती, ती सरकली. त्यानंतर शीतलची पाळी आली. लांबची रेघ, तीन चेंडू, तिन्ही वाया. चौथ्यासाठी तो वाकतोय तोवर बाकावरून आवाज आला, “आउट!”

“काका, माझा पाय घसरला होता.”

“आउट,” भरतेश म्हणाले, आणि डाव्या हातानं त्याला बाकाची जागा दाखवली. पोरं खिदळायला लागली. पुढं प्रत्येकाच्या तिसऱ्या चेंडूला सगळे त्या बाकाकडंच बघायचे. धाकट्या जावयांना तर त्यांनी दुसऱ्याच चेंडूला आउट दिलं. का, ते कुणी विचारलं नाही.

मी तिथं उभी होते आणि माझं काहीच काम नव्हतं. ही अवस्था माझ्या इतकी सवयीबाहेरची होती की काय करावं कळेना. त्यांच्या पाठीला उशी लागेल म्हणून मी घरात गेले. आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर उशांची चळत होती. उशी घ्यायला वाकले आणि वाकलेली तशीच टेकले. बाहेरून ठोकळे पडल्याचा आवाज आला, मग ओरडा. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. माझ्या अंगावर कुणाची तरी शाल होती. क्षणभर कुठं आहे ते कळेना, आणि मग सगळं एकदम आठवलं. दुपारची गोळी, जेवण, त्यांना बाथरूमला नेणं. मी तशीच केस न आवरता बाहेर पळाले.

अंगणात पंगत बसली होती. आप्पा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच उरकायचं होतं. टेबलाच्या एका टोकाला भरतेश बसले होते, एका बाजूला आर्या, दुसऱ्या बाजूला रत्नाआत्या. ते डाव्या हातानं आमटी-भात खात होते. निम्मा ताटात, निम्मा सदऱ्यावर. नॅपकिन नव्हता. आत्या स्वतःच्या पोळीशी झगडत होत्या, त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या.

“यांची गोळी,” मी म्हटलं.

“घेतली त्यानं. तुझ्या पिशवीतनं काढून घेतली.”

“मला कुणी उठवलं नाही?”

“उठवायला पाच जणी गेल्या,” आत्या म्हणाल्या. “हा दारात खुर्ची टाकून बसला हुता. कुणाला आत जाऊ दील तर शपथ.”

सुनेत्रावहिनी माझ्यासाठी ताट घेऊन आल्या. “तुझे दोन खेळ झालेच नाहीत, बाई. दिवसभर ती लगोरीच चालली. उठायचं नावच काढेनात कुणी.”

मी टेबलाशी बसले. भूक होती, पण घास हातातच राहिला, कारण समोरून थोरल्या दिरांनी, सुकुमारदादांनी विषय काढला. कुटुंबातली कोणतीही गोष्ट ते पंगतीत काढतात.

“त्रिशला, शाळा सोडायची ठरवलीस म्हणे. चांगलं केलंस. भरतला बरं पडेल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन.

भरतेशनी हातातला घास खाली ठेवला. ओठ हलायला लागले. ते शेंदत होते.

“बरं पडेल म्हणतोय,” दादा म्हणाले.

भरतेशनी मान हलवली. नाही.

“पाणी पाहिजे का, काका?” शीतलनं पेला पुढं केला. भरतेशनी तो बाजूला सारला. आत्या म्हणाल्या, “दम धरा की रं जरा. तुमची गाडी चुकाय लागलीय व्हय?”

पंगत थांबली. मला ते बघवेना. शब्द माझ्या तोंडात तयार होते, त्यांच्याऐवजी बोलून टाकायची सवयच होती मला. पण मला तरी कुठं माहीत होतं ते काय म्हणणार आहेत?

“मला,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, “विचारलं... नाही.”

शीतलनं पेला खाली ठेवला.

“ती... जाईल. शाळेत.”

“अरे, पण तुझ्याजवळ कोण?” दादांनी विचारलं. त्यांचा आवाज प्रेमाचाच होता. “दिवसभर तुझ्याजवळ कोण असणार, सांग बघू.”

भरतेशनी डावा हात उचलला. बोटांना भात चिकटला होता. तो हात त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला.

“मी... आहे.”

निघेपर्यंत मी कुणाशीच फार बोलले नाही. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलंय. तसं काही नव्हतं. मला संताप आला होता. गाडी डांबरी रस्त्याला लागल्याबरोबर मी सुरू केलं.

“चारचौघांत बोलायचं होतं ते? घरी नसतं सांगता आलं? मी आहे म्हणे. बाथरूममध्ये पडलात तर कोण उचलणार? मला काय हौस होती नोकरी सोडायची? सतरा जणांना विचारून बघितलं मी, माणूस मिळत नाही. आणि तुम्ही तिथं मलाच वाईट ठरवता?”

ते समोर बघत होते. पुढं उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला होता. रस्ता अरुंद, समोरून वाहनं, ओलांडून जायला जागाच नाही. मला त्याच्यामागं गोगलगायीसारखं जावं लागलं.

पुढं काय झालं ते सांगायचं तर, सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना काहीच सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत स्कूटरवरून घरी येऊन जायचे. शेजारच्या कांचनताईंकडं किल्ली ठेवली. भरतेश दोनदा पडले. एकदा कपाळाला टाके पडले, तेव्हा दादा सांगलीला आमच्या घरी येऊन मला नको ते बोलून गेले. मी ऐकून घेतलं. नवीन माणूस मिळालं, गेलं, परत मिळालं. हट्टानं भरतेश एकटे राहायला शिकले, आणि मी त्यांना एकटं ठेवायला शिकले. दुसरं जास्त अवघड होतं. दमणं काही संपलं नाही. पण शाळेतल्या दमण्याला निदान शेवटची घंटा होती. मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. त्या समारंभाला ते काठी टेकत आले होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढं ट्रॅक्टरचा धूर होता, ट्रॉलीतून उसाच्या शेंड्यांची वाढी लोंबत होती, आणि बोलून बोलून माझा घसा बसला होता. मी गप्प झाले. मग ट्रॅक्टरही थांबला. पुढं कुठंतरी गाड्या अडकल्या असाव्यात. मी इंजिन बंद केलं.

ते माझ्याकडं वळले. ओठ हलले.

“तू,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना.

‘दमलीस’ असेल. ‘चिडलीस’ असेल. ‘चुकलीस’ही असेल. तिन्ही शब्द माझ्या जिभेवर आले आणि मी ते गिळले. खिडकीची काच खाली केली. बाहेर कापलेल्या उसाचा गोड, ओला वास होता.

“सांगा,” मी म्हटलं, आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत बसून राहिले.